नवं येण्याआधी

शिमगा सरता सरता नगरच्या बाजारात चिंचेची आवक वाढते. राज्यातल्या चिंचेच्या मोठ्या बाजारपेठांत नगरचं नाव आहे. त्या दिवसांत मार्केट यार्डाच्या बाजूने नुसतं गेलं तरी आंबूस वास नाकाशी येतो. आजूबाजूच्या खेड्यांत बायका ओट्यावर, अंगणात चिंच फोडायला बसतात. टरफल आधीच निघालेलं असतं. दगडावर चिंच धरायची, लोखंडी बत्त्याचा नेमका घाव घालायचा, चिंचोका बाहेर उडाला की शिरा ओढून काढायच्या. घाव जरा जोरात बसला तर चिंचोका फुटून गरात मिसळतो आणि पुढे आमटीत दाताखाली येतो. घरची चिंच असेल तर तिला मीठ लावून, गोळे करून बरणीत दाबून भरतात. मधे हवा राहू द्यायची नाही. वर्षभराच्या आंबटाची सोय झाली.

ही चिंच भरायच्या आधी मी फ्रीजर रिकामा करायला घेते. चिंचेला फ्रीजर लागत नाही, हे खरं; पण चैत्र हा घरातल्या साठवणीचं नवं वर्ष सुरू होण्याचा महिना. चिंचेमागून कुरडया-पापड, मग कैरी, मग आंबा. नवं घरात येताना जुनं संपलेलं असावं, निदान संपत आलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं. आमच्या घरात माझं सगळ्यांत जास्त बोलणं या एकाच गोष्टीवरून होतं.

फ्रीजर उघडला की गेलं वर्ष उलटं वाचता येतं. सगळ्यांत वर पौषातला हुरडा, पाथर्डीकडून आलेला. त्याखाली मार्गशीर्षात सोललेले मटार आणि माहेरच्या पेरूचा गर. त्याच्या खाली सीताफळ. आणि पार तळाशी, श्रावणात साठवलेले लिंबाच्या रसाचे खडे. प्रत्येक पिशवीमागे कुणाचं तरी शेत आहे, कुणाची तरी दुपार आहे. म्हणून त्यांतली एकही पिशवी वाया गेलेली मला बघवत नाही.

लिंबं येतात श्रीगोंद्याहून. माझ्या नणंदेचं सासर तिकडचं. श्रीगोंदा तालुक्याने कागदी लिंबावर नाव कमावलंय. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘साई सरबती’ आणि ‘फुले सरबती’ ही वाणं तिकडच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात सहज येतात. लिंबाचं दुखणं असं की, ते जेव्हा भरपूर असतं तेव्हा कुणाला नको असतं. पावसाळ्यात झाडं लगडतात आणि भाव असा पडतो की तोडणीची मजुरीही सुटू नये. उन्हाळ्यात सगळा देश सरबत मागतो, तेव्हा झाडावर फळ नसतं. २०२२च्या एप्रिलमध्ये लिंबू कसं कडाडलं होतं, ते कुणी विसरलेलं नसेल. उन्हाळ्यात फळ हवं तर हस्त बहर धरावा लागतो. त्यासाठी झाडाला पाण्याचा ताण द्यायचा, आणि तो द्यायचा नेमका परतीच्या पावसाच्या तोंडावर. पाऊस लांबला की ताण बसत नाही, बहर फुटत नाही. वन्संचे यजमान आभाळाकडे बघत भाद्रपद काढतात.

त्यामुळे श्रावणातलं लिंबू घरोघर वाटलं जातं. आमच्याकडे गोणी आली की निम्म्या लिंबांचा रस काढून बर्फाच्या साच्यात लावते, आणि खडे झाले की पिशवीत भरून ठेवते. रस उकळून बाटलीत भरला तर त्याचा ताजेपणा जातो. गोठवलेल्या रसाचा बराचसा टिकतो. चैत्रात वरणावर पिळायला, सरबताला, पोह्यांना हे खडे जातात.

पण वन्संच्या घरी फ्रीजरपेक्षा बरणीला मान आहे, आणि त्यांचं लिंबाचं लोणचं बघत बसावं असं असतं. लिंबं पुसून अगदी कोरडी करायची, फोडी करायच्या, मीठ लावून बरणीत भरायच्या, तोंडाला फडकं बांधून उन्हात ठेवायच्या. रोज सकाळी बरणी दोन्ही हातांत धरून त्या हलवतात, वरची फोड खाली गेली पाहिजे म्हणून. तेलाचा थेंब नाही. मीठ आणि लिंबाचा स्वतःचा आंबटपणा, एवढ्यावर ते टिकतं. सुरुवातीला सालीच्या आतला पांढरा भाग फोडीत उठून दिसतो आणि चाखलं तर जीभ कडवट होते. हळूहळू तो पांढरेपणा विरघळल्यासारखा होतो, फोड आरपार दिसू लागते, कडवटपणा मागे हटतो. मगच तिखट आणि गूळ. वन्सं घाई करू देत नाहीत. “साल मऊ पडल्याबिगर तिखटाला हात लावायचा न्हाई,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्याकडे एका कोनाड्यात जुनं, काळंभोर झालेलं लिंबाचं लोणचं वेगळं असतं. तापातून उठलेल्याच्या तोंडाला चव यावी म्हणून शेजारचे लोक वाटी घेऊन येतात ते त्यासाठी.

माहेर माझं राहाता तालुक्यातलं. प्रवरेच्या पाण्यावर वाढलेला मुलूख. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ओझरच्या बंधाऱ्यापासून कालवे निघाले आणि ज्या रानात बाजरी बरी यायची तिथे ऊस उभा राहिला, फळबागा आल्या. श्रीरामपूरच्या मोसंबीचा एक काळ होता. आमच्या आत्याच्या बोलण्यात ती मोसंबी अजून येते. आता राहात्याचा पेरू. शिर्डीच्या रस्त्याने जाणाऱ्यांना टोपल्या मांडून बसलेले विक्रेते आणि कापून मीठ-तिखट लावलेल्या फोडी ठाऊक असतील. पेरू हे टिकणारं फळ नव्हे. आज पिवळा, उद्या मऊ, परवा सगळ्या घरभर वास. बागेतला चांगला माल बाजारात जातो. घरात येतो तो डागाळलेला, पाखरांनी टोचलेला, वाकडा. माझ्या आईची सगळी हुशारी या वाकड्या पेरूंवर खर्च होते.

ती जेली करते. गावात झालेल्या एका शिबिरात शिकली, आणि पुढे स्वतःच्या हाताने सुधारत नेली. पेरू फार पिकलेला घेत नाही, कारण जेली धरणारं पेक्टिन गदराच्या आसपासच्या फळात जास्त असतं. पिकत जाईल तसं ते उतरतं. फोडी बुडतील इतक्या पाण्यात शिजवते आणि ते सगळं जुन्या, धुवून मऊ झालेल्या धोतराच्या कापडात बांधून खुंटीला टांगते. खाली पातेलं. रात्रभर ठिबकू देते. पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ. सकाळी पातेल्यात फिकट, जवळजवळ रंग नसलेला रस असतो. त्यात साखर आणि थोडं लिंबू पडून आच लागली की रंग चढायला लागतो, आधी मधासारखा, मग तांबूस, शेवटी लालबुंद. डाळिंबाची जेली आहे का, असं पाहुणे विचारतात इतका लाल. कधी थांबायचं हे आई पळीवरून ओळखते. पळी आडवी धरली की सुरुवातीला थेंब वेगवेगळे पडतात. मग दोन थेंब कडेला रेंगाळतात, एकमेकांना भेटतात आणि एकत्रच, पडद्यासारखे खाली सुटतात. त्या क्षणी गॅस बंद. अर्धं मिनिट इकडेतिकडे झालं तर चिकट पाक तरी होतो, नाहीतर सरबत तरी. आई त्या वेळी कुणाशी बोलत नाही. फोन वाजला तरी वाजू देते.

कापडात उरलेला चोथा चाळणीवर घासून, बिया काढून, तो गर माझ्याकडे येतो. माझ्या फ्रीजरमधला पेरू म्हणजे हा. गोठून सुटलेला पेरू कोशिंबिरीच्या कामाचा राहत नाही, लिबलिबीत होतो. पण गूळ, चिंच आणि हिरवी मिरची घालून त्याचं पंचामृत असं होतं की भाकरीला दुसरं काही लागू नये.

सीताफळाची गोष्ट निराळी. या फळाला विस्तव चालत नाही. गर तापवला की कडू होतो, त्यामुळे मुरांबा नाही, जॅम नाही. हवेला ठेवला तर तांबडा-काळा पडतो. अख्खं फळ साध्या फ्रीजमध्ये घातलं तर साल काळवंडते आणि आतून पिकायचं राहून जातं. आमच्या मुलखात तर सीताफळ डोंगराडोंगरावर आहे. हरिश्चंद्रगडापासून निघालेली बालाघाटची रांग नगर जिल्ह्याच्या अंगाखांद्यावरून बीडकडे जाते. त्याच बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दसरा-दिवाळीत बांधाबांधावर फळ डोळे उघडतं आणि चार दिवसांत सगळं एकदमच पिकतं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते खाल्लं, वाटलं, जनावरांना घातलं. साठवायची वाटच नव्हती. ती वाट फ्रीजरने दिली. या एका फळासाठी मी फ्रीजरला मनापासून मानते.

त्याचा गर काढायचं काम मात्र हातानेच. बी विषारी असतं, ते फुटता कामा नये, म्हणून मिक्सर वर्ज्य. चाळणीवर बोटांनी हलके फिरवत बी सुटं करायचं, थोडी साखर आणि लिंबाचे थेंब घालायचे, आणि पिशव्या अगदी पोळीसारख्या चपट्या करून लावायच्या. चपट्या का, याचं उत्तर फार लांबून आलेलं आहे. क्लॅरेन्स बर्ड्‌सआय हा अमेरिकन माणूस १९१०च्या दशकात, आज कॅनडात असलेल्या लॅब्रॅडॉर भागात होता. तिथले इन्युइट लोक कडाक्याच्या वाऱ्यात मासा बर्फावर टाकत, तो तिथल्या तिथे दगड होई, आणि महिन्यांनी सोडवला तरी ताजा लागे. झटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात; हळू गोठलं की ते मोठे होतात आणि फळाच्या, मासळीच्या पेशी फाडतात. याच जाणकारीवर त्याने पुढे धंदा उभा केला आणि १९३० साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत गोठवलेलं अन्न विकायला आलं. घरच्या फ्रीजरची ताकद थोडी. त्याला पातळ थर दिला तर तो लवकर गोठवतो, जाड गोळा दिला तर रात्रभर झगडतो. लॅब्रॅडॉरच्या वाऱ्याचं शहाणपण असं नगरच्या सावेडीतल्या आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलं आहे.

माहेरीही डीप फ्रीजर घ्यायचा विषय एकदा निघाला होता. आईने तो दोन वाक्यांत मिटवला. “लाइटीच्या भरवशावर मी फळ ठेवायची नाही. मीठ आणि ऊन कधी जात नाही.” भारनियमनाच्या वर्षांत ज्यांनी खेड्यात संसार केला, दिवसाचे कित्येक तास अंधारात काढले आणि रात्री मोटार चालू करायला रानात जाणाऱ्या माणसांची वाट बघितली, त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभतं. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी वैशाखात वळवाचा पाऊस आला की खांब पडतात आणि दोन दिवस गाव अंधारात राहतं. त्या दोन दिवसांत आईच्या बरण्यांना काहीही होत नाही.

इथवर आलं की माझ्या आणि सासूबाईंच्या वादाकडे यावं लागतं. वाद म्हणजे भांडण नव्हे. मी सीताफळाची पिशवी बाहेर काढली की त्या म्हणतात, “असू दे गं. कुणी आलं-गेलं तर होईल.” मी हुरडा काढला की म्हणतात, “राहू दे थोडा.” मटारसुद्धा त्या संपू देत नाहीत, तळाला मूठभर ठेवतात. या ‘असू दे’च्या मागे बहात्तर साल आहे, हे मला ठाऊक आहे. १९७२च्या दुष्काळात त्या लहान होत्या. घरची माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर, कामावर मिळणारी सुकडी, रेशनचा लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना कशी तुटायची, ते त्या अजून हाताने करून दाखवतात. त्या वर्षी त्यांच्या आईने उतरंडीतल्या एका मडक्यात वाळवलेल्या बोरांचं बोरकूट आणि हरभऱ्याचा सुकवलेला पाला जपून ठेवला होता, आणि त्यावर कित्येक दिवस कोरड्यास झालं. ज्या पोरीने ते मडकं पाहिलं, ती बाई म्हातारपणी पिशवीचा तळ दिसू देत नाही. मला तिच्या हाताचं फार मोल वाटतं.

आणि तरीही मी म्हणते की, फ्रीजर हे ते मडकं नव्हे. बरणीत आणि मडक्यात दिवस कामी येतात. लिंबाचं लोणचं मुरतं, आवळ्याचा मोरावळा मुरतो, चिंच जुनी झाली की वैद्यालाही हवीशी होते. फ्रीजरमध्ये फळाचा सगळ्यांत चांगला दिवस म्हणजे ते आत गेलं तो दिवस. त्यानंतर थंडी फक्त थोपवून धरते, तीही पुरती नाही. पिशवीत राहिलेल्या हवेमुळे फळातला ओलावा हळूहळू निघून पिशवीच्या आतल्या बाजूला भुरभुरीत हिम होतो, गर कडेने कोरडा आणि फिका पडतो, शेजारच्या मटाराचा वास सीताफळाला लागतो. खाल्लं तर बाधत नाही. पण ज्या चवीसाठी चाळणीवर बोटं फिरवली ती चव तिथे नसते. बरणीचं एक बरं असतं, ती डोळ्यांसमोर असते. तिला हलवावं लागतं, ऊन दाखवावं लागतं, कडेला बुरशी नाही ना ते बघावं लागतं. फ्रीजर काहीच मागत नाही. दार लावलं की साठवलेलं मनातूनही जातं, आणि आपल्याकडे पुष्कळ आहे ही भावना तेवढी मागे राहते. दुष्काळाच्या भीतीने जपलेलं असं दुष्काळ न येताच वाया जावं, याचं मला वाईट वाटतं.

जपणं कसं असावं याचा विचार करताना मला नेहमी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. गावरान बियाणं जपलं म्हणून त्यांना २०१८ सालचा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० सालचा पद्मश्री मिळाला. ‘बीजमाता’ म्हणून सगळा महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांच्या बियाणे बँकेत वाल, घेवडे, भात, भोपळे, पालेभाज्या यांचं बियाणं राख लावून, मातीच्या मडक्यांत ठेवलेलं असतं. पण त्या बियाण्याचा जीव मडक्यात राहत नाही. ते दर हंगामात मातीत जावं लागतं. शेतकऱ्याला बियाणं द्यायचं आणि त्याने पिकवून वाढवून परत आणायचं, ही त्यांच्याकडची रीत. जे नुसतं ठेवलं ते काही वर्षांनी उगवायचंच थांबतं. बियाण्याच्या बाबतीत ही गोष्ट कुणालाही चटकन पटते, मग शिजवून खायच्या गोष्टीबद्दल आपण इतके अडून का बसतो?

म्हणून चैत्रात आमच्याकडे रोजच्या ताटात पाहुण्यांसाठी ठेवलेलं येतं. हुरड्याचं थालीपीठ, वर शेंगदाण्याची चटणी. थंडीतल्या कोवळ्या हुरड्याची गोडी त्यात नसते, पण दाणा दाताखाली आला की पौष आठवतो. मटार आता उसळीला जाड लागतात, म्हणून वाटून करंजीत किंवा भातात. पेरूचं पंचामृत सांगितलंच. सीताफळाच्या पिशव्या आदल्या रात्री खाली, साध्या फ्रीजच्या कप्प्यात उतरवून ठेवते, म्हणजे गर सावकाश सुटतो आणि पाणी वेगळं होत नाही. दूध आधी आटवून पुरतं गार करते आणि मगच त्यात गर मिसळते. गरम दुधात घातला तर ते कडू पडायला वेळ लागत नाही. मुलं विचारतात, आज काय आहे? काही नाही, वार बुधवार, असं सांगते. सासूबाई पहिल्या वाटीला कुरकुरतात आणि दुसरी वाटी मागून घेतात.

जे आमच्याने संपणार नाही ते द्यायचं. आईच्या जेलीच्या बाटल्या खालच्या मजल्यावर जातात, कामाच्या मावशींच्या नातवाकडे जातात. भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत आमच्या सोसायटीत अजून पाळतात, त्यामुळे जेलीची बाटली परत येते ती कधी कुरडयांचा भुगा घेऊन, कधी मेतकूट घेऊन. एकदा कोपरगावच्या शेजाऱ्यांकडून करवंदांचं लोणचं आलं होतं, आणि त्यांनी ते अकोल्याच्या नातेवाइकांकडून आणलेलं होतं. एवढा प्रवास करून आलेलं लोणचं आम्ही आठवड्यात फस्त केलं आणि मला फार समाधान वाटलं.

यंदाचा हिशेब आता मांडून झालाय. सीताफळ पुरलं, थोडं कमीच पडलं. पिशव्या तेवढ्याच करायच्या, पण निम्म्या पौषाच्या आत खायच्या. मटार पुढच्या खेपेला निम्मे बस. लिंबाचे खडे उन्हाळाभर जातील. राहिलेल्या हुरड्याची एक पिशवी सासूबाईंसाठी ठेवली आहे. ती मी काढायची नाही, त्यांना वाटेल तेव्हा त्या काढतील. वन्संना फोन करून सांगून टाकलं, श्रावणात लिंबं धाडाल तेव्हा निम्मीच धाडा, बाकीची लोणच्याला घाला, आणि एक बरणी आमच्या नावाची वेगळी ठेवा. त्या म्हणाल्या, “बरणी ठेवते. पण ती हलवायला अधूनमधून तू यायचं.”